तुम्ही विचारलंत म्हणून

‘फुकट काम करायचं आणि वर लोकांचं ऐकून घ्यायचं, राग येत नाही का?’ मी फावल्या वेळात एक छोटं मुक्त सॉफ्टवेअर (ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो असं) सांभाळतो हे कळलं की हा प्रश्न येतोच.

येतो ना! म्हणून तर मी वापरणाऱ्यांच्या तक्रारींना रात्री उत्तर देत नाही. ‘दोन आठवडे झाले, कुणी जिवंत आहे का?’ असं वाचलं की हात शिवशिवतात. ‘पैसे परत घ्या’ हे वाक्य तर मी कितीदा लिहून खोडलंय. सकाळी तोच मजकूर वाचला की त्यातला माणूस दिसतो: त्याचं काम अडलंय, वरचा साहेब मागे लागलाय आणि ओरडायला समोर मीच सापडलोय.

मग मी सुरावर काही बोलत नाही, फक्त मुद्द्यावर बोलतो. कोणतं व्हर्जन, काय केलं, काय अपेक्षित होतं, एरर मेसेज काय आला. तारीख मात्र देत नाही. पूर्वी ‘या शनिवार-रविवारी बघतो’ म्हणायचो. ते सोमवारी माझ्याच गळ्यात यायचं. आणि घाई केली म्हणून कुणाचा नंबर वर सरकवत नाही. डेटा खराब करणारा बग असेल तर तो शांतपणे कळवला तरी आधी घेतो.

घाईला बधायचं नाही, हे मी एक्सझेड प्रकरणानंतर फार कडक पाळतो. फाईल दाबून लहान करणारं हे सॉफ्टवेअर लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये जिथेतिथे असतं, आणि बराच काळ ते जवळपास एकटा माणूस सांभाळत होता. 2022 मध्ये काही अनोळखी नावं त्याच्यामागे लागली: काम संथ आहे, दुसऱ्या कुणाला तरी घ्या. आपली मानसिक तब्येत बरी नाही, हा बिनपगारी छंद आहे, हेही त्यानं सांगून पाहिलं. शेवटी मदतीला तयार असलेल्या एकाला त्यानं कोड बदलायचे आणि नवं व्हर्जन काढायचे हक्क दिले. 2024 च्या सुरुवातीला त्याच मदतनिसानं काढलेल्या व्हर्जनमधून चोरदरवाजा, म्हणजे परक्याला गुपचूप शिरू देणारा कोड, आत आला. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, म्हणून एका इंजिनिअरनं खोदून पाहिलं आणि मार्चअखेर सगळं उघड झालं. ती तगादा लावणारी नावंही बनावट असावीत, कटातलीच, असा दाट संशय आहे.

तेव्हापासून तगादा आला की मला अपराधी वाटत नाही. मी उलट सावध होतो.

कंपन्यांचं वेगळं. ‘24 तासांत उत्तर द्या’ अशी मेल कर्ल हे इंटरनेटवरून डेटा आणण्या-पाठवण्याचं मुक्त सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या डॅनियल स्टेनबर्ग यांना जानेवारी 2022 मध्ये एका बड्या कंपनीकडून आली होती. आधी सपोर्टचा करार करा, मग आनंदानं देतो, असं त्यांनी कळवलं. मीही आता तेच कळवतो. बहुतेक गप्प होतात.

तो ‘कुणी जिवंत आहे का’वाला? बग माझाच निघाला, दोन ओळींचा. दुरुस्त केला. आभाराचा शब्द नाही. तीन महिन्यांनी त्याची दुसरी तक्रार आली; सूर तोच, पण या वेळी काय-काय घडलं त्याची नोंद असलेली लॉग फाईल जोडलेली होती.