सांगली ते बामणोली : वाढवलेला स्लो, थ्रॉटल सेन्सर आणि यवतेश्वरचा घाट

सांगलीहून कास पठारामार्गे बामणोलीला मी यापूर्वी तीनदा जाऊन आलो आहे. या वेळी मात्र रस्त्यापेक्षा गाडीकडेच माझे लक्ष अधिक होते. निघण्याच्या आठवडाभर आधी माझी एक सिलिंडरची, फ्युएल इंजेक्शनची मोटारसायकल सिग्नलला उभी असताना बंद पडू लागली. जवळच्या गॅरेजमध्ये नेली, तेव्हा तेथील मुलाने टाकीखाली हात घालून एक स्क्रू फिरवला आणि "स्लो वाढवून दिलाय, आता काय बंद पडत नाही बघा," असे सांगून पन्नास रुपये घेतले. स्लो म्हणजे मूठ पूर्ण सोडलेली असताना इंजिन फिरण्याचा वेग. सिग्नलला गाडी बंद पडायची थांबली हे खरे. पण त्या पाच मिनिटांच्या दुरुस्तीने पुढचे दोन दिवस माझी परीक्षा पाहिली. इंजेक्शनची गाडी घेऊन या घाटांत जाणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून ही हकीकत थोडी तपशिलाने लिहीत आहे.

आष्टा, पेठ नाका, कराड आणि सातारा हे अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे. महामार्गावर सत्तरच्या वेगात गाडीची काहीच तक्रार नव्हती, त्यामुळे मीही निश्चिंत होतो. तासवडे टोलनाक्यापुढे चहासाठी थांबलो, तेव्हा मूठ पूर्ण सोडलेली असतानाही आरपीएमचा काटा बाराशेवरून अठराशेवर चढे, पुन्हा खाली येई आणि पुन्हा चढे. साताऱ्यातून यवतेश्वरचा घाट चढू लागल्यावर याचे खरे स्वरूप कळले. वळणावर दुसऱ्या गिअरमध्ये मूठ अगदी थोडी उघडलेली असते, आणि नेमकी तेथेच गाडी हिसके देऊ लागली. मूठ निम्म्याहून अधिक पिळली की तीच गाडी गुळगुळीत पळे.

मागून दुसऱ्या गाडीवर येणाऱ्या माझ्या चुलतभावाचे निदान तयार होते : "दादा, वर हवा विरळ असते, म्हणून मिसिंग करतेय," म्हणजे इंजिन मध्येच अडखळतेय. हा समज फार पसरलेला आहे. सातारा शहर ते कास पठार ही चढण साधारण पाचशे मीटरची. तेवढ्यात हवेचा दाब पाच-सहा टक्क्यांनी कमी होतो. कार्ब्युरेटरच्या गाडीलासुद्धा एवढ्याने असे हिसके बसत नाहीत, आणि इंजेक्शनच्या गाडीत तर दाब मोजून पेट्रोल कमी-जास्त करण्याची सोय असते. शिवाय काटा नाचायला लागला होता तो तासवड्याला, घाटाच्या कितीतरी आधी.

कासला धुके इतके होते की फुले पाहण्यापेक्षा रस्त्याची कड शोधण्यातच वेळ गेला. तेथून बामणोलीपर्यंतचा दहा-बारा किलोमीटरचा उतार या प्रवासातला सर्वांत वाईट भाग ठरला. उतारावर मूठ बंद करून गिअरमध्ये गाडी सोडली की इंजिन चाकाबरोबर फिरत राहते, त्यामुळे काही जाणवत नाही. पण वळणाआधी गिअर बदलायला क्लच दाबला की इंजिन गपकन बंद. क्लच सोडला की झटका बसून पुन्हा सुरू. ओल्या रस्त्यावर, समोर शिवसागर जलाशयाकडे उतरत जाणारी वळणे असताना हा झटका मागच्या चाकाला कोठे नेईल याचा भरवसा नसतो. वासोटा किल्ल्याकडे जाणारी बोट करण्याचा बेत आम्ही त्या दिवसापुरता तेथेच सोडून दिला आणि अंधार पडण्यापूर्वी साताऱ्यात परतलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोवई नाक्याच्या परिसरात एक वयस्कर मिस्त्री भेटले. त्यांनी गाडी सुरू केली, हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवून पाहिले, आणि रेस बदलत नाही हे पाहून केबलला बाजूला काढले. (हँडल वळवताच रेस वाढत असेल, तर केबल ताणलेली आहे असे समजावे, मुठीला दोन-तीन मिलिमीटरचा प्ले, म्हणजे मोकळी हालचाल, हवीच.) इनटेकच्या (इंजिनमध्ये हवा जाण्याच्या वाटेच्या) रबरी जोडावर पिचकारीने थोडे पाणी मारले, आवाजात फरक पडला नाही, म्हणजे तेथून हवा चोरली जात नव्हती. मग टॉर्च लावून त्यांनी मला तो स्क्रू दाखवला. त्यावरचा कारखान्यातला पांढरा रंग तडकलेला होता. "हा कोणी फिरवला, साहेब? हा फिरवला की सेन्सर खोटं बोलायला लागतो."

यातला मुद्दा नीट समजून घेण्यासारखा आहे. माझ्या गाडीत स्लोचा स्क्रू थ्रॉटलची पाकळी, म्हणजे मुठीबरोबर उघडून इंजिनला हवा देणारी झडप, किंचित उघडी धरतो आणि थ्रॉटल पोझिशन सेन्सर त्याच पाकळीच्या दांड्यावर बसलेला असतो. त्याला पाच व्होल्ट पुरवले जातात आणि पाकळी जितकी उघडेल तितके व्होल्ट तो इसीयूकडे (पेट्रोल किती सोडायचे ते ठरवणाऱ्या गाडीतल्या संगणकाकडे) परत पाठवतो; मूठ बंद असताना साधारण अर्ध्या व्होल्टच्या आसपास, पूर्ण उघडल्यावर चारच्या आसपास. स्क्रू आवळून स्लो वाढवला की बंद मुठीचा आकडाही वाढतो. मग मूठ बंद आहे की थोडी उघडी, हे इसीयूला ठरवता येत नाही आणि तो दोन हिशेबांमध्ये हेलकावे खातो. चेक इंजिनचा दिवा लागत नाही, कारण आलेला आकडा चुकीचा असला तरी अशक्य नसतो. वेगात त्रास नव्हता तोही यामुळेच : पाकळी जास्त उघडी असताना एवढीशी चूक लपून जाते.

मिस्त्रींनी मल्टिमीटरच्या टोकाला बारीक टाचणी लावून ती सेन्सरच्या कनेक्टरमध्ये मागच्या बाजूने, वायरची साल न सोलता सरकवली. इग्निशन चालू, इंजिन बंद. आकडा आला ०.८६. माझ्या मॉडेलच्या मॅन्युअलनुसार तो ०.६० च्या जवळपास हवा होता. मी लगेच सेन्सरचे स्क्रू सैल करण्याची घाई केली असती. त्यांनी मात्र आधी थ्रॉटल बॉडी काढली. पाकळीच्या कडेला काळी, चिकट काजळी बसली होती आणि एअर फिल्टर धुळीने भरला होता. मूळ आजार हाच होता : काजळीमुळे बंद पाकळीतून पुरेशी हवा जात नव्हती, म्हणून स्लो पडला होता. क्लीनर कापडावर घेऊन त्यांनी पाकळी पुसली. थेट फवारा मारला असता तर तो सेन्सरमध्ये शिरला असता.

गाडी परत जोडून गरम केल्यावर स्लो दोन हजारांवर गेला, आणि तो स्क्रू जवळजवळ दीड फेरा मागे घ्यावा लागला. आता मीटर ०.६४ दाखवत होता. उरलेल्या चार शतांशांसाठी सेन्सरच्या जागेवर आधी मार्करने खूण केली, त्याचे दोन स्क्रू फक्त ढिले केले आणि सेन्सर केसभर फिरवला. स्क्रू आवळताना आकडा पुन्हा हलतो, त्यामुळे हे तीन वेळा करावे लागले. शेवटी मूठ अगदी सावकाश पिळून पाहिली. व्होल्ट मध्येच न अडखळता चढत गेले. ते कोठे अचानक खाली आले असते, तर सेन्सर बदलण्यावाचून इलाज नव्हता.

हे सर्व माझ्या गाडीला लागू पडले. सर्वच गाड्यांना पडेल असे नाही. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांपैकी अनेकांमध्ये स्लो वेगळा व्हॉल्व्ह सांभाळतो, हाताने फिरवायचा स्क्रूच नसतो आणि सेन्सरही कायमचा बसवलेला असतो. तेथे पाना घालू नये. थ्रॉटल बॉडीची सफाई आणि स्कॅनरवर तपासणी एवढेच करून घ्यावे. आपल्या मॉडेलचा आकडा मॅन्युअलमधूनच घ्यावा, मित्राच्या गाडीवरून नव्हे. आणि थंड इंजिनवर स्लो कधीही लावू नये, कारण त्या वेळी इसीयू मुद्दामच रेस वाढवून ठेवतो.

या बाजूला येणाऱ्यांनी पेट्रोल साताऱ्यातच भरावे, सोबत छोटा मल्टिमीटर, दोन टाचण्या आणि एक जादा प्लग ठेवावा. फुलांच्या हंगामात कासची नोंदणी आधी करून निघावे. कासपुढे मोबाइलला रेंज मिळेलच असे धरून चालू नये. गाडी साताऱ्यापर्यंतच्या सपाट रस्त्यात कुरकुरत असेल, तर यवतेश्वर चढण्यापूर्वी शहरातच दाखवावी; वर गेल्यावर मिस्त्री शोधणे अवघड आहे.

दुपारी त्याच घाटात पुन्हा गेलो. दुसऱ्या गिअरमध्ये, मूठ जेमतेम उघडून, आदल्या दिवशी जेथे हिसके बसले होते ती वळणे एकेक करून घेतली. मग वरच्या सपाटीवर गाडी बाजूला लावून क्लच दाबून धरला. काटा तेराशेवर गेला आणि तेथेच राहिला. भावाने घड्याळ लावून दोन मिनिटे पाहिले, आणि मग बोटीला उशीर होईल म्हणून आम्ही निघालो.