चिप जातेय, हे जॉबशीटवर येऊ द्या

लॅपटॉपची ग्राफिक्स चिप, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र तयार करणारी चिप, एका दिवसात जात नाही. रखडत रखडत जाते आणि तेवढ्यात वॉरंटी संपते. माझं काम दिवाळी अंकांची पानं लावण्याचं. मशीन तापलं की स्क्रीनवर हिरव्या-गुलाबी उभ्या रेघा यायच्या आणि सगळं गोठायचं. थंड झालं की पुन्हा ठणठणीत. परळहून अंधेरीच्या सर्व्हिस सेंटरला पोचेपर्यंत ते थंड झालेलंच असायचं. काउंटरवरचा मुलगा म्हणायचा, "चालतोय की मॅडम! सॉफ्टवेअर असेल, फॉरमॅट मारून देतो."

मी फॉरमॅट करू दिलं नाही. तापलेलं मशीन रीस्टार्ट केलं की कंपनीच्या लोगोवरच रेघा दिसायच्या. तेव्हा विंडोज सुरूसुद्धा झालेलं नसतं, मग दोष त्याचा कसा? एचडीएमआय केबलने घरच्या टीव्हीला जोडलं तर तिथेही त्याच रेघा, म्हणजे स्क्रीनही निर्दोष. दोन्हींचे व्हिडिओ काढून बिलासकट ईमेल केले.

जॉबशीटवर, म्हणजे दुरुस्तीच्या नोंदीच्या कागदावर, काउंटरवरच्या मुलाने नुसतं 'डिस्प्ले प्रॉब्लेम' लिहिलं होतं. तेवढ्यावर स्क्रीन बदलून मशीन परत आलं असतं. मी 'तापल्यावर रेघा, बाहेरच्या स्क्रीनवरही' असं लिहायला लावलं आणि मगच सही केली.

मग कंपनीकडून बायोस (मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेटचा उपाय निघाला, पंखा जास्त फिरवणारा. हा जुना उपाय आहे. जुलै 2008 मध्ये ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाने लॅपटॉपमधल्या काही चिप्स पॅकेजिंगच्या (चिपचं आवरण आणि जोडणी यांच्या) दोषामुळे जास्त प्रमाणात निकामी होत असल्याचं जाहीर केलं आणि त्यासाठी 15 ते 20 कोटी डॉलरची तरतूद केली. तेव्हा डेल आणि एचपीने असेच बायोस अपडेट दिले होते. माझी चिप त्या पिढीची नाही, पण तत्त्व तेच. चिप जोडून ठेवणारे तिच्याखालचे सोल्डरचे (झाळणीच्या धातूचे) बारीक ठिपके गरम-गार होताना ताणले जातात आणि शेवटी तडकतात. पंखा जास्त फिरला तर तडा जाणं लांबणीवर पडतं, गेलेला तडा सांधत नाही. वॉरंटीतल्या ग्राहकाला हा उपाय देणं मला अन्यायाचं वाटतं, आणि मी ते लेखी कळवलं.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत हीट गनने गरम हवा मारून अशी चिप चालू करून देतात. वॉरंटी संपलेल्या मशीनला चालेल, तेही थोडे दिवस. वॉरंटीत मात्र बाहेर मशीन उघडू नका, कंपनीला हात झटकायला तेवढं कारण पुरतं.

शेवटी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 ला, तक्रार नोंदवली. त्यानंतर मदरबोर्ड, म्हणजे लॅपटॉपमधला मुख्य बोर्ड, बदलून मिळाला. चिप त्यावरच सोल्डर केलेली असते, त्यामुळे अख्खा बोर्डच बदलावा लागतो. असा बोर्ड पुष्कळदा दुरुस्त केलेला जुना असतो. म्हणून तो नवा की जुना, त्याची वॉरंटी किती आणि त्याचा सीरियल नंबर काय, हे सगळं काउंटर सोडायच्या आत लिहून घेतलं.