चेंबर गळतंय? आधी पाना खाली ठेवा

काकांची गाडी 2005 च्या आसपासची ऑटोमॅटिक सेडान आहे आणि जुनी ऑटोमॅटिक घेऊन कुठल्याही गॅरेजात गेलं की पहिला सल्ला ठरलेला असतोय, विकून टाका. दुसरा पण ठरलेला, आवळून बघूया. पहिल्याबद्दल काका बोलायलाच तयार नाहीत, त्यामुळं ही पोस्ट दुसऱ्याबद्दल आहे. गियरबॉक्सच्या खालचं चेंबर म्हणजे ट्रान्समिशन पॅन गळायला लागला की निम्म्या वेळा तो आवळल्यामुळंच गळत असतो असं माझं आता ठाम मत झालंय.

लक्षणं अशी, रोज सकाळी पार्किंगमधल्या फरशीवर लाल डाग. इंजिन ऑइल असतं तर तपकिरी नाहीतर काळं दिसलं असतं, कूलंट पाण्यासारखं पातळ आणि बोटाला चिकट गोडसर वासाचं, हे लाल आणि तेलकट म्हणजे एटीएफ, ऑटोमॅटिक गियरबॉक्सचं तेल, एवढं तर कुणीही सांगेल. पण थांबा, जुन्या बऱ्याच गाड्यांत पॉवर स्टिअरिंगला पण एटीएफच असतंय, तेही लालच, त्यामुळं नुसत्या रंगावरून गियरबॉक्स खोलायला घेऊ नका. दुसरी गंमत म्हणजे गाडी दिवसभर फिरली तरी डाग नाही आणि रात्रभर उभी राहिली की डाग. इंजिन बंद झालं की टॉर्क कन्व्हर्टरमधलं (इंजिन आणि गियरबॉक्सच्या मधला तेलानं भरलेला भाग) तेल हळूहळू खाली चेंबरमध्ये उतरतं, पातळी वाढते आणि चालू गाडीत कोरडी राहणारी वरची कड तेलात बुडते, म्हणून उभ्या गाडीत जास्त गळतं. तेल कमी झालं की पुढचा त्रास चढावर कळतो. पन्हाळ्याला जाताना वाघबीळच्या पुढं चढ लागला की इंजिन नुसतं ओरडायचं आणि गाडी जागेवर, कारण तेल मागं सरकतं आणि पंप हवा ओढतो.

आधी एका गॅरेजात दाखवली होती. त्यांनी बोल्ट आवळले, कडेनं बाहेरून सिलिकॉन फासलं, थोडे दिवस थांबलं आणि मग आधीपेक्षा जास्त गळायला लागलं. मग ओळखीतनं कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींकडं गेलो. साठीच्या पुढचे, चष्मा दोऱ्यानं गळ्यात अडकवलेला. गाडीखाली बॅटरी मारून बघितलं आणि म्हणाले, "आवळून लिकेज थांबलं असतं तर माझं दुकान कवाच बंद पडलं असतं की ओ."

त्यांनी पहिल्यांदा काहीच खोललं नाही. खालचा भाग डिझेल आणि ब्रशनं धुतला, ब्रेक क्लीनर मारून कोरडा केला आणि सगळ्या कडेला साधी टाल्कम पावडर उडवली, घरात असते ती. मग मला म्हणाले, रंकाळ्याला एक फेरी मारून या. आल्यावर पावडरीवर लाल रेघ कुठनं सुरू झाली ते बघायचं, आणि सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा तेवढी खरी, कारण चालत्या गाडीत वारं तेलाला मागं नेतं आणि शेवटी थेंब भलत्याच ठिकाणाहून पडतो. सिलेक्टर शाफ्टचं सील, डिपस्टिकच्या म्हणजे तेल मोजायच्या काडीच्या नळीचं ओ-रिंग, कूलरचे रबरी पाइप, ॲक्सलची सिलं, हे सगळे संशयित वर असतात आणि आळ चेंबरवर येतो. आमच्या बाबतीत मात्र चेंबरच निघालं, दोन बोल्टांच्या मधल्या भागातनं.

खोलताना घाई करायची नाही. तेल कोमट पाहिजे, उकळतं नको, गाडी नुसत्या जॅकवर नको, खाली घोडी लावलेल्या पाहिजेत. एका कोपऱ्याचे बोल्ट अडकवूनच ठेवायचे आणि बाकीचे काढून चेंबर तिरकं करायचं म्हणजे तेल एका बाजूनं पडतं, नाहीतर अंघोळ ठरलेली. निघालेलं तेल बाटल्यांत भरून मोजलं, साडेतीन लिटरच्या आसपास होतं, म्हणजे निदान तेवढं तरी परत घालायचं हे कळलं. बाकीचं तेल कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरच्या पाइपांत राहतंच, चेंबर खोलून सगळं तेल बदललं असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. आणि ते जुनं तेल गटारात नको, आपल्याकडं गटारातलं जयंती नाल्यात आणि नाल्यातलं पंचगंगेत जातंय.

चेंबरच्या तळाला लोहचुंबक असतं. त्यावर राखाडी मऊ चिखल होता, मिस्त्रींनी दोन बोटांत चोळून बघितला आणि मान हलवली, म्हणजे ठीक. एवढी झीज होतेच. चकचकीत तुकडे किंवा कपच्या सापडल्या असत्या, किंवा तेलाला करपट वास असता, तर पॅकिंग, म्हणजे चेंबर आणि गियरबॉक्सच्या मधली गॅस्केट, बदलून काही उपयोग नव्हता. तेलाचा रंग दुधाळ गुलाबी असेल तर त्यात पाणी गेलंय, आणि 2019 आणि 2021 च्या पुरात बुडालेल्या गाड्या आपल्या भागात अजून फिरतात, विकल्या जातात, तेव्हा जुनी ऑटोमॅटिक घेताना आधी डिपस्टिक ओढून बघा. पाण्यानं आतल्या क्लच प्लेटांचं अस्तर सुटतं.

आता खरा विषय. जुनं पॅकिंग काढल्यावर कड पुसून मिस्त्रींनी चेंबर उचललं आणि सरळ शेजारच्या मशीन शॉपमध्ये गेले, मी मागं. तिथं सरफेस प्लेट होती, बिडाची, घासून सपाट केलेली. हे सुख उद्यमनगरातच, बाकी गावात लोक काचेवर किंवा कडाप्प्यावर ठेवून बघतात, तेही चालतं. चेंबर पालथं ठेवलं, कडेखालनं फिलर गेजची, म्हणजे फट मोजायची, पाती सरकवत नेली. बोल्टाच्या भोकांजवळ पातं अजिबात जाईना आणि दोन भोकांच्या मध्ये एक मिलिमीटरची पाती सुद्धा आरामात आत. म्हणजे काय झालेलं, प्रत्येक वेळी आवळताना बोल्टानं भोकाभोवतीचा पत्रा वर ओढलेला, भोकापाशी उंचवटा आणि मध्ये खड्डा, कड पार लाटांसारखी झालेली. अशा कडेवर जगातलं सगळ्यात भारी पॅकिंग ठेवलं तरी ते भोकापाशी चिरडणार आणि मध्ये सैल राहणार. मग गळतं, मग कोणीतरी परत आवळतं, मग अजून वाकतं.

इलाज अगदी साधा. कडेखाली लोखंडी ठोकळा धरून पॅकिंगच्या बाजूनं सपाट हातोडीनं भोकांचे उंचवटे टिचक्या मारत बसवायचे, मग परत प्लेटवर ठेवून बघायचं, परत टिचक्या. हे काम सरफेस प्लेटवर केलं तर मशीन शॉपवाला हातोडी आपल्याच डोक्यात घालेल, तिथं फक्त मोजायचं. अर्धा-पाऊण तास हेच चाललेलं आणि मला वाटतं सगळ्या कामाची किंमत त्या अर्ध्या-पाऊण तासात होती, पण बिलात मजुरी म्हणून एकच ओळ.

वर गियरबॉक्सची बाजू ॲल्युमिनियमची असते, तिथं पटाशी किंवा ब्लेड चालवायचं नाही, एक चरा पडला तरी तिथनं तेल वाट काढतं. जुनं सिलिकॉन प्लास्टिकच्या जुन्या एटीएम कार्डानं खरवडलं. आतली जाळी म्हणजे फिल्टर नवीन टाकला, त्याचं ओ-रिंग पण. तयार पॅकिंग आठवडाभरानं मिळालं असतं म्हणून मिस्त्रींनी रबर-कॉर्कच्या शीटवर चेंबर ठेवून आखून कापलं आणि भोकं पंचानं पाडली. मी विचारलं, मिस्त्री, सिलिकॉन नाही लावायचं? तर म्हणाले, "कॉर्कला कोरडंच बसवायचं. चिकट लावलासा की आवळताना घसरून भाईर येतंय बघा." काही गाड्यांत कंपनीच पॅकिंग देत नाही, नुसतं सिलिकॉन सांगते, तिथं ते बरोबर आहे. दोन्ही एकत्र करायचा मोह मात्र आपल्याकडं फार, आणि आत पिळलेलं जादा सिलिकॉन सुटून जाळीत अडकतं ते वेगळंच.

मग बोल्ट. हे सहा एमएमचे बारके बोल्ट, बहुतेक गाड्यांत त्यांना साधारण 10 न्यूटन मीटर किंवा त्याहून कमी टॉर्क, म्हणजे आवळायचा जोर, सांगितलेला असतो. चाकाच्या नटांना साधारण 100 लागतो म्हणजे हे त्याच्या दहाव्या हिश्शाचं काम. 15 सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला सात किलोचा जोर झाला की 10 न्यूटन मीटर झालं, मनगटाचा जोर सुद्धा पूर्ण लागत नाही. आणि आपण काय करतो, पान्यात पाइप घालतो. वर ॲल्युमिनियमचे आटे असतात, ते गेले की हेलिकॉइल, म्हणजे नव्या आट्यांची तारेची स्प्रिंग, बसवत बसा. सगळे बोल्ट आधी हातानं, मग मधनं कडेला आलटून पालटून, दोन टप्प्यांत, शेवटी टॉर्क पान्यानं.

तेल डिपस्टिकच्या नळीतनंच लांब नरसाळ्यानं भरायचं, आणि मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच तेल, "सगळ्याला चालतंय" असं दुकानदार म्हणाला तरी. पातळी बघताना गाडी सपाट जागेवर, तेल गरम, इंजिन चालू, लिव्हर सगळ्या गियरमधनं फिरवून पार्कला आणून मग काडी बघायची. काही कंपन्या इंजिन बंद करून बघायला सांगतात, म्हणून मॅन्युअल परत एकदा. कमी चालत नाही तसं जास्त पण चालत नाही, फेस होतो आणि फेसाला दाब धरत नाही.

थोडे दिवस गाडी चालवून परत गेलो, मिस्त्रींनी थंड गाडीत प्रत्येक बोल्टला टॉर्क पाना लावून बघितला, दोन-तीन किंचित फिरले कारण कॉर्क बसतो, बाकीचे नाही. त्यानंतर एक पावसाळा झाला, खालून कोरडं आहे. स्टिअरिंगचा एक पाइप मात्र जोडाजवळ ओलसर दिसतोय आणि त्यातनं पडतंय ते पण लालच, त्यामुळं फरशीवर डाग दिसला की काका अजूनही मला चेंबर गळतंय म्हणूनच फोन करतात.