पोच मिळेपर्यंत: मुलाच्या शिकवण्याबद्दल शाळेला पत्र देताना

शाळेशी बोलून मार्ग काढायला एक महिना पुरला असता. पत्राची पोच मिळवण्यातच सात आठवडे गेले. त्यामुळे हा अनुभव मुख्यतः पोचेचाच आहे, बाकीचं ओघाने येईल.

मुलगा सहावीत. वाचन आणि लेखन दोन्हींत अध्ययन अक्षमता, सरकारी रुग्णालयाचं प्रमाणपत्र हातात. शाळा अनुदानित, राज्य मंडळाची. प्रमाणपत्र शाळेच्या कपाटात आणि वर्गातलं शिकवणं होतं तसंच: फळ्यावरचं उतरवून घे, वही पूर्ण कर, नाही झाली तर मधल्या सुट्टीत बसून कर.

वर्गशिक्षिकेशी बोलणं अवघड गेलं नाही. ‘तुम्ही लक्ष देत नाही’ म्हटलं की बोलणं तिथेच संपतं. ‘तुम्हाला वर्गात काय दिसतं?’ विचारलं की बाई स्वतःहून सांगतात: श्रुतलेखनाला घाम फुटतो, पण तोंडी उत्तरं पटापट देतो. त्यांच्याच तोंडचं हे वाक्य मी पुढे पत्रात वापरलं. बदल करायचा तर ‘वरून सांगायला हवं’ असंही त्यांनीच सांगितलं. म्हणून पत्र मुख्याध्यापकांना.

पत्रात विशेषणं नकोत, मोजमाप हवं. ‘नीट शिकवलं जात नाही’ हे कोणीही खोडून काढतं. मी सहा आठवड्यांच्या वह्या घेऊन बसले. फळ्यावरच्या साधारण पंधरा ओळींपैकी पाच-सहाच वहीत उतरतात. त्याच धड्यावर तोंडी विचारलं तर दहापैकी आठ उत्तरं बरोबर. समजलेलं हातातून उतरत नाही, आणि शाळा फक्त हातातून उतरलेलंच तपासते. मुद्दा एवढाच. वहीच्या तीन पानांची झेरॉक्स जोडली, तारखा दिसतील अशी.

मागण्याही पाचच, आणि बाईंना उद्यापासून करता येतील अशा. फळ्यावरचा मजकूर छापील किंवा दुसऱ्या मुलाच्या वहीची झेरॉक्स. दहाऐवजी पाच गणितं, पण काठिण्य तेच. सूचना एका वेळी एकच. घटक चाचणीत इतिहास, भूगोल, विज्ञान तोंडी. मधली सुट्टी कापायची नाही. ‘वैयक्तिक लक्ष द्यावं’ असं लिहिलं की शाळा ‘देतोच आहोत’ म्हणते आणि विषय संपतो. इथे एक फरक नीट समजून घ्यावा. गणिताचा प्रश्न मोठ्याने वाचून दाखवला तर गणिताची परीक्षा बदलत नाही. वाचनाच्या परीक्षेत उतारा वाचून दाखवला तर ती वाचनाची परीक्षाच राहत नाही. दुसऱ्या प्रकारची सवलत मागितली की पहिल्या प्रकारचीही हातची जाते.

आता ती पोच.

पहिल्या दिवशी क्लार्क म्हणाले, मॅडम रजेवर आहेत, त्यांना विचारल्याशिवाय घेता येणार नाही. दुसऱ्या खेपेला, आधी वर्गशिक्षिकेची सही आणा. बाई म्हणाल्या, मी कशी सही करू, माझ्याच वर्गाबद्दल आहे. तिसऱ्या खेपेला, विहित नमुन्यात नाही. असा नमुना कुठे आहे ते मात्र कोणालाच सांगता येईना. चौथ्या खेपेला मुख्याध्यापिकांनी स्वतः पत्र घेतलं, वाचलं, ‘आपण बघू ना, लेखी कशाला’ म्हणून टेबलाच्या खणात ठेवलं. मी खूश होऊन घरी आले. दोन आठवड्यांनी विचारलं तर असं पत्र कुठे नोंदलेलंच नव्हतं. तो मूर्खपणा माझा. प्रेमाने खणात ठेवलेलं पत्र म्हणजे न दिलेलं पत्र.

शाळा असं का करते, ते उशिरा कळलं. पत्र आवक नोंदवहीत चढलं की त्याला क्रमांक मिळतो, आणि क्रमांक मिळाला की त्याचं पुढे काय झालं हे जावक नोंदवहीत दिसावं लागतं. तपासणीला कोणी आलं तर उत्तर न दिलेला क्रमांक उघडा पडतो. क्लार्कचं आपल्या मुलाशी काही वाकडं नसतं, त्याला तो उघडा क्रमांक नको असतो.

हे कळल्यावर दोन गोष्टी बदलल्या. विषयात ‘तक्रार’ होतं, तिथे ‘अध्ययनात आवश्यक सोयी मिळण्याबाबत विनंती’ लिहिलं. आतला मजकूर शब्दशः तोच. ‘तक्रार’ वाचून कागद वर विचारायला जातो, ‘विनंती’ वाचून शिक्का उचलला जातो. आणि पहिल्याच परिच्छेदात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चं कलम १६ घातलं. शासनमान्य किंवा अनुदानित शाळेने मुलाच्या गरजेनुसार वाजवी सोयी द्याव्यात, अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखून त्याप्रमाणे शिकवण्यात उपाय करावेत आणि प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्याच्या प्रगतीवर लक्ष ठेवावं, हे त्यात आहे. ‘दिव्यांगत्व चाळीस टक्के आहे का?’ असं विचारलं जातं. चाळीस टक्क्यांची अट कलम ३१ च्या मोफत शिक्षणासारख्या काही लाभांना आहे, कलम १६ ला नाही. हे एक वाक्य पाठ करून जावं.

शिक्का म्हणजे पोच नव्हे. आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, घेणाऱ्याची सही आणि आवक क्रमांक, चारही हवेत. माझ्या पहिल्या शिक्क्यावर क्रमांक नव्हता, म्हणून पुन्हा गेले. पत्राच्या शेवटी ‘सोबत: ६ पाने’ असं लिहून प्रत्येक पानावर आकडा घालावा, नाहीतर जोडपत्रं मिळालीच नाहीत म्हणायला वाव राहतो. शाळा सुटायच्या वेळी जाऊ नये, तेव्हा क्लार्क पालकांच्या गराड्यात असतो. सकाळची घाई ओसरल्यावर जावं. पत्र पदाला लिहावं, नावाने नाही. बदली झाली की नाव निरुपयोगी होतं.

तरीही घेतलं नाही तर? तिथे वाद घालत बसू नये. मी बसले, दोन सकाळी वाया गेल्या. त्याच दिवशी शाळेच्या अधिकृत ईमेलवर पत्र धाडावं, ‘आज समक्ष दिले असता स्वीकारले नाही’ एवढी एक ओळ वर घालून, आणि तेच स्पीड पोस्टाने. वेगळं रजिस्टर पोस्ट मागू नका, २०२५ मध्ये ते स्पीड पोस्टातच विलीन झालं आहे. माझ्या ईमेलनंतर तिसऱ्या दिवशी शाळेतूनच फोन आला, ‘क्रमांक घेऊन जा.’

क्रमांक आल्यावर बाकी सगळं दहा दिवसांत. बैठक झाली, पाचपैकी चार मागण्या मान्य. तोंडी चाचणी फक्त दोन विषयांना. बैठकीचं इतिवृत्त शाळा देईल याची वाट पाहू नये. त्याच रात्री ‘आज ठरले ते असे’ म्हणून पाच ओळींचा ईमेल करावा आणि सहा आठवड्यांनी आढाव्याची तारीख त्यात घालावी. तारीख नसेल तर पहिली चाचणी झाली की सगळं पूर्ववत होतं.

वर जायची वेळ माझ्यावर आली नाही, पण पत्रातच वाट आखून ठेवली होती. सहा ते चौदा वयाच्या मुलासाठी शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे जिल्हा परिषद किंवा महापालिकेकडे, लेखी तक्रार करता येते. निर्णय तीन महिन्यांत अपेक्षित, त्यावर अपील राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे. दिव्यांग कायद्याखाली राज्य आयुक्तांकडे जाता येतं, ते कार्यालय पुण्यात आहे. पहिल्याच पत्राची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना पाठवू नये, शाळा लगेच हट्टाला पेटते. दुसऱ्या पत्राला मात्र ‘प्रत माहितीस्तव’ जरूर घालावं.

मानसशास्त्रज्ञांचा अख्खा अहवाल शाळेला द्यायची गरज नसते, हे आधी सांगायचं राहिलं. बुद्ध्यांकाचा आकडा शिक्षकखोलीत फिरत राहतो. शिफारशींचं वेगळं पान मागून घ्यावं, वर्गातल्या भाषेत लिहिलेलं. मूळ प्रमाणपत्र कधीच हातचं सोडू नये.

आणि स्पीड पोस्टाची पावती ज्या दिवशी मिळेल त्याच दिवशी झेरॉक्स करावी. त्या कागदावरची अक्षरं काही महिन्यांत उडून जातात; माझ्या पावतीवर आता फक्त पोस्टाचा शिक्का उरला आहे.