आमची वाटचाल : विजेतीची सही पॅटर्नच्या कार्डावर

आम्ही मुलींसाठी पोहण्याचे कॉस्च्युम शिवतो; त्यांच्यावर आमच्याशी करार केलेल्या विजेत्या जलतरणपटूचा फोटो नाही आणि तिचं नाव छापलेला पट्टाही नाही. तिची सही असते ती पॅटर्नच्या, म्हणजे कापड कापायच्या साच्याच्या, कार्डावर, प्रत्येक मापाच्या मंजूर नमुन्याखाली. ती झाल्याशिवाय आमच्या कटिंग टेबलावर कापडाची थप्पी लागत नाही. करार असा ठरला तेव्हा धंद्यातल्या लोकांनी आम्हाला वेड्यात काढलं. इतकी मोठी जलतरणपटू हाताशी असताना पोस्टर नाही, मग तिचा उपयोग काय, असं तोंडावर विचारलं. त्याचं उत्तर द्यायचं राहून गेलं होतं, ते इथे देतो.

बारा-तेरा वर्षांच्या मुली सरावाला यायच्या बंद होतात तेव्हा कारण अभ्यासाचं सांगितलं जातं. प्रशिक्षिकेशी मोकळेपणी बोललात तर दुसरीच कारणं कळतात. कॉस्च्युम ओला झाला की मागून आरपार दिसतो. टर्न मारताना वर सरकतो. पाळीच्या दिवसांत पाण्यात उतरायची धास्ती वाटते. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये चीनची जलतरणपटू फू युआनहुई हिने रिले शर्यतीनंतर कॅमेऱ्यासमोर सांगितलं की आदल्याच दिवशी तिची पाळी सुरू झाली होती, आणि जगभर त्याची बातमी झाली. साध्या गोष्टीची बातमी होते, म्हणजे तोवर ती कुणी बोलतच नव्हतं.

आमच्या धंद्याची अक्कल त्याआधी कुठे खर्च होत होती, तेही सांगायला हवं. २००८ पासून पॉलियुरेथेनचे, म्हणजे रबरासारख्या प्लास्टिकचे, वेग वाढवणारे पोशाख आले, २००९ च्या रोम जागतिक स्पर्धेत ४३ विश्वविक्रम झाले, आणि १ जानेवारी २०१० पासून ते पोशाख बाद होऊन फक्त विणलेलं कापड उरलं. शतांश सेकंदासाठी एवढी धावपळ झाली. रोज दोन तास क्लोरीनमध्ये घासल्या जाणाऱ्या मुलींच्या सरावाच्या कॉस्च्युमकडे मात्र फारसं कुणी पाहिलं नाही.

आमच्या विजेतीने पहिल्या बैठकीत मापाची टेप मागितली. बहुतेक ठिकाणी मोठ्या बाईचा पॅटर्न सगळीकडून सारखा लहान करतात आणि त्याला मुलींचं माप म्हणतात. वाढत्या मुलीचं धड छातीच्या मापाच्या प्रमाणातच लांबतं असं नाही. छाती-कमरेच्या मापावर घेतलेला कॉस्च्युम मग खांद्यात रुततो आणि मागून वर ओढला जातो, आणि मुलीला वाटतं की दोष आपल्या शरीरात आहे. म्हणून आम्ही धडाचा फेर हे पहिलं माप धरतो : खांद्याच्या मध्यापासून पुढून खाली, पायांमधून मागे, पाठीवरून परत त्याच खांद्यावर. एकाच छातीच्या मापात आम्ही दोन फेर काढतो, आखूड आणि लांब. साठा वाढतो, दुकानदार कुरकुरतात, तरी हे सोडलेलं नाही.

दुसरी तिची हट्टाची जागा म्हणजे मांडीचं इलॅस्टिक. गोल सगळीकडून सारखं ताणून लावलं तर पुढे जांघेत काचतं आणि मागे तरी सैल राहतं. आमच्याकडे पुढच्या अर्ध्या भागात इलॅस्टिक कापडाच्या बरोबरीने बसतं, सगळा ताण मागच्या अर्ध्यात जातो, साधारण १० ते १२ टक्के. यासाठी कारागिराचा हात तयार व्हावा लागतो. मशीनला अटॅचमेंट लावून हे काम होत नाही, निदान आमच्या मनासारखं होत नाही. सुई ७५/११ बॉलपॉइंट, आणि ती कामाची शिफ्ट बदलताना बदलायचीच. टोकदार सुई स्पॅन्डेक्सचा, म्हणजे कापडातला रबरासारखा ताणणारा, तंतू तोडते. भोक पहिल्या दिवशी दिसत नाही, ताण बसला की तिथूनच धागा सुटत जातो. लूपरमध्ये, म्हणजे मशीनच्या खालून फास घालणाऱ्या भागात, टेक्स्चर्ड (फुगीर) पॉलिएस्टर धागा, ताण ढिला. शिवण कापडाइतकी ताणली नाही तर मुलगी उडी घ्यायच्या ब्लॉकवर वाकताक्षणी ती तडकते.

मधली काही वर्षं ठीक गेली. त्यानंतर आलेल्या कापडाने आम्हाला जवळजवळ बुडवलं.

८० टक्के नायलॉन आणि २० टक्के स्पॅन्डेक्स असलेलं कापड अंगाला छान बसतं, पण क्लोरीन स्पॅन्डेक्सला खातं. आधी बसायच्या जागी ढिलं पडतं, मग आतले पारदर्शक तंतू तुटून पांढरट केस बाहेर डोकावतात, आणि शेवटी कापड आरपार दिसू लागतं. सरावासाठी म्हणून आम्ही पॉलिएस्टर-पीबीटी घेत होतो; पीबीटी हाही पॉलिएस्टरचाच एक प्रकार. त्यात स्पॅन्डेक्स नसतंच. पीबीटीच्या धाग्याला स्वतःचाच लवचीकपणा असतो, तो क्लोरीनला दाद देत नाही. पुरवठादाराने एका मोठ्या ऑर्डरच्या मधोमध सूत बदललं आणि सांगितलं नाही. वजन तेच, रंग तोच, हाताला स्पर्शही तोच. आम्ही विचारलं तेव्हा त्याने क्लोरीनच्या चाचणीचं प्रमाणपत्र पुढे केलं. ते होतं आयएसओ १०५-ई०३ चं. ती चाचणी रंग टिकतो का हे बघते, ताणाबद्दल ती काहीच सांगत नाही. रंग खरोखरच टिकला. कॉस्च्युम मात्र लोंबायला लागले आणि क्लबांकडून गठ्ठ्याने परत आले. कापलेलं कापड आम्ही परत घेत नाही, असं पुरवठादाराने कळवलं. त्या उत्तराचा राग आजही गेलेला नाही.

कापड घेणाऱ्या प्रत्येकाने म्हणून एवढं करावं. कापडाच्या कडेतून धागे सोडवून बघा. स्पॅन्डेक्सचा तंतू रबरासारखा कितीतरी पट ताणला जातो, पीबीटी तेवढा ताणत नाही. नंतर कापडाच्या पट्टीवर १० सेंटिमीटर अंतरावर खुणा करून ती चौकटीवर दीडपट ताणा आणि क्लोरीनच्या पाण्यात ठेवा. ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट एका लिटरला १ मिली घातलं की क्लोरीन सुमारे ५० पीपीएम (दशलक्षात ५० भाग) होतं. पाणी रोज बदला, कारण क्लोरीन उडून जातं. पाच दिवसांनी सोडवल्यावर खुणांमधलं अंतर साडेदहा सेंटिमीटरच्या पुढे असेल तर तो ताका आम्ही नाकारतो. हे प्रत्येक ताक्याला करायचं. आणि ताका उघडल्यावर कापड किमान २४ तास मोकळं पसरून ठेवा. गुंडाळताना बसलेला ताण कापल्यानंतर सुटला तर सगळे भाग एक माप लहान होतात.

त्या काळात एक प्रशिक्षिका आमच्या पाठीशी उभ्या राहिल्या. परत आलेल्या मालाचे पैसे न मागता त्यांनी पुढच्या हंगामाची आगाऊ रक्कम दिली. अट एकच घातली, ताक्याच्या चाचणीची पट्टी मालासोबत आली पाहिजे. ती आजही प्रत्येक खोक्यात जाते. ताईंच्या क्लबचा माल आमच्याकडे नेहमी पहिला कापला जातो, आणि याबद्दल इतर गिऱ्हाइकांची तक्रार आम्ही ऐकून घेत नाही.

त्याच सुमारास एका मोठ्या ब्रँडने आमच्या विजेतीला बोलावणं पाठवलं. आम्ही देऊ शकलो नसतो एवढी रक्कम होती. तिने तिथेही मापाच्या कार्डावर सहीचा हक्क मागितला, त्यांनी फक्त फोटोचे दिवस विचारले. ती गेली नाही. पुढे त्यांनी दुसरा चेहरा घेऊन मुलींसाठी मोहीम काढली, आमच्या माहितीपत्रकातली दोन वाक्यं जशीच्या तशी उचलली, आणि क्लबांना फुकट वाटला तो न खपलेला माल : सगळ्यात मोठी मापं आणि फिके रंग. फिका रंग, तोही अस्तराशिवाय, ओला झाल्यावर काय दिसतं हे या धंद्यातल्या माणसाला सांगायला लागू नये. बक्षीस समारंभाचे फोटो मात्र सगळीकडे झळकले.

आमच्या कराराप्रमाणे विक्रीतला ठरलेला हिस्सा मुलींच्या कॉस्च्युमसाठी बाजूला निघतो. आधी मापं येतात, मग कापड कापलं जातं. काळा किंवा गडद निळा, पुढून-मागून पूर्ण अस्तर.

पाळीच्या कॉस्च्युमवर सगळ्यात जास्त नमुने फुकट गेले. गसेटमध्ये, म्हणजे पायांमधल्या पट्टीत, अंगाकडून बाहेर असे थर असतात : ओल खेचणारं मऊ कापड, पातळ शोषक थर, पाणी न सोडणारा पडदा, आणि मग बाहेरचं कापड. पडद्यातून एक टाका गेला तरी तिथून गळतं, म्हणून शिवण फक्त कडेला. शोषक थर इलॅस्टिकच्या आतच थांबला पाहिजे. तो शिवणीत अडकला तर ओल बाहेर ओढून आणतो. आणि मांडीचं इलॅस्टिक नीट बसलं नाही तर पडदा कितीही चांगला असो, त्याचा उपयोग नाही. हा कॉस्च्युम कमी स्रावाच्या दिवसांसाठी आहे. जास्त स्राव असेल तर सोबत टॅम्पॉन किंवा कप हवा, हे आम्ही लेबलवरच लिहितो. विजेतीने ती ओळ मोठ्या अक्षरांत करायला लावली.

ज्यांना अंग झाकणारा पोशाख हवा त्यांच्यासाठी लांब बाह्यांचा, घोट्यापर्यंतचा सरावाचा पोशाखही आहे. तलावातल्या स्पर्धांसाठी मात्र २०१० चे नियम लक्षात घ्या : खांद्यापलीकडे नाही, गुडघ्याखाली नाही. जागतिक जलतरण संघटनेच्या मान्यतेचं चिन्ह पोशाखावर लागतं अशा स्पर्धेत सरावाचा पोशाख चालत नाही.

क्लबांनी मापं पाठवताना मुलीला अंगालगतच्या कपड्यांवर, सरळ उभं राहून मोजावं. धडाचा फेर दोनदा घ्यावा आणि दोन्ही आकडे लिहावेत. त्यांत २ सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर टेप मागे कुठेतरी सरकली आहे, पुन्हा मोजा. वाढेल म्हणून एक माप मोठं मागवू नका, सैल कॉस्च्युम पाणी धरतो आणि मांडीपाशी उघडा पडतो. मोजताना महिला प्रशिक्षिका किंवा आई जवळ असावी, आणि यादीत मुलीच्या नावाऐवजी क्रमांक चालेल.