टीव्हीहेडएंडचं गाईड, आईच्या सह्याद्रीसाठी

इंदूरमध्ये राहून रोज मराठी कार्यक्रम बघायचे तर आमच्याकडे डीडी फ्री डिश आणि त्यावरचं सह्याद्री, महिन्याचं बिल नाही की काही नाही. गच्चीवरच्या छत्रीची वायर खाली यूएसबी ट्यूनरला, ट्यूनर रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरला आणि पायवर टीव्हीहेडएंड, म्हणजे टीव्ही बघायचं आणि रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर, असा आमचा रेकॉर्डर. चॅनल शोधणं सोपं असतं. लोक कंटाळतात ते गाईडला, म्हणजे कुठला कार्यक्रम किती वाजता याच्या यादीला, आणि ते सोडून चालतच नाही कारण रेकॉर्डिंग कधी सुरू करायचं हे रेकॉर्डर गाईड बघूनच ठरवतो.

सगळ्यात आधी वेळ. डिशमधून येणाऱ्या गाईडमधल्या वेळा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असतात आणि आपण साडेपाच तास पुढे. पायचा टाइमझोन यूटीसीवरच राहिला असेल तर रात्री ८ चा कार्यक्रम गाईडमध्ये दुपारी २:३० ला दिसेल, पण रेकॉर्ड मात्र बरोबर ८ लाच होईल, म्हणजे नुसता दिसण्याचा घोळ. एक्सएमएलटीव्हीची फाईल, म्हणजे डिशऐवजी फाईलमधून येणारं गाईड वापरत असाल तर प्रकरण वेगळं, तिथे प्रत्येक वेळेपुढे +०५३० हवं. भारतीय वेळ लिहून पुढे +०००० टाकलं असेल तर तोच कार्यक्रम रात्री १:३० ला जातो आणि रेकॉर्डिंगही तेव्हाच होतं, मग सकाळी भलताच कार्यक्रम हातात. म्हणून एक ओळखीचा कार्यक्रम घ्या आणि गाईडची वेळ घड्याळाशी ताडून बघा, त्याशिवाय पुढे जाऊच नका.

आता घरातल्या सवयीबद्दल, कारण माझ्या मते सेटिंग माणसांकडे बघून करायची असते. आई झोपायच्या आधी टीव्हीची सगळी बटणं भिंतीवरून बंद करते, त्यात पायही बंद होतो, आणि ते योग्यच आहे, तिला कशाला बदलायला लावायचं. पण टीव्हीहेडएंड एक्सएमएलटीव्हीचं गाईड आणतो रात्री १२:०४ ला आणि दुपारी १२:०४ ला, म्हणजे रात्रीची पाळी हुकलीच. त्यासाठी ईपीजी ग्रॅबरमध्ये (टीव्हीहेडएंडचं गाईड आणायचं सेटिंग) 'फोर्स इनिशियल ईपीजी ग्रॅब ॲट स्टार्टअप' ला टिक करा, सकाळी बटण लागलं की गाईड आणायला लागतो. त्याच पानावर गाईड ठराविक तासांनी डिस्कवर सेव्ह करायची सोय आहे, तिथे १ तास ठेवा, कारण एरवी ते नीट शटडाऊन झालं तरच सेव्ह होतं आणि आपल्याकडे लाईट सांगून जात नाही. शिवाय पाय ४ पर्यंतच्या बोर्डांवर बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही, वेळ नेटवरून येते, तेव्हा राऊटरही भिंतीवरच्या त्याच बटणांवर असेल तर तो आधी चालू होऊ द्या.

एका चॅनलला डिशचं आणि फाईलचं अशी दोन्ही गाईडं जोडली गेली असतील तर एक काढाच. दोन्हीकडे वेळ पाच-दहा मिनिटांनी वेगळी असली की कार्यक्रम कापले जातात. मी तर जी चॅनलं घरात कोणी बघत नाही तीही बंद केली, आईला पन्नास ओळी खाली जावं लागू नये एवढंच.

रेकॉर्डिंग प्रोफाईलमध्ये आधी २ आणि नंतर १० मिनिटं पॅडिंग, म्हणजे जादा वेळ द्या. लाइव्ह मैफल किंवा मॅच लांबली की पुढचं सगळंच सरकतं आणि नेमका शेवट कापला गेला तर फार वाईट वाटतं. एवढंच बघा की पॅडिंगमुळे दोन रेकॉर्डिंग एकमेकांवर येतात, दोन्ही चॅनलं उपग्रहाच्या एकाच ट्रान्सपाँडरवर (एकाच सिग्नलमधून) येत असतील तर एका ट्यूनरवर भागतं, नाहीतर एक रेकॉर्डिंग जातं.

हे सगळं झालं की कोडीच्या (टीव्हीवर हे सगळं दाखवणारं ॲप) गाईड सेटिंगमध्ये जाऊन एकदा क्लिअर डेटा करा, नाहीतर टीव्हीवर जुन्याच वेळा दिसत राहतात आणि आपण उगाच परत टीव्हीहेडएंड उघडून बसतो.