चौदा उंबऱ्यांचं गाव

२०२१च्या उन्हाळ्यात मी कॅनडात, सस्कॅचेवानमध्ये जनगणनेचं हंगामी काम करत होतो. गुप्ततेची शपथ घेतलेली असल्यामुळे गावाचं नाव सांगत नाही, आकडे आणि खुणाही थोड्या बदलल्यात.

महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठा हा प्रांत, आणि माणसं तेव्हा सव्वाअकरा लाख. फॉर्म न भरलेल्या घरांची यादी हातात. पत्ता म्हणजे सातबाऱ्यावरच्या गट नंबरासारखा: अमुक टाउनशिप, अमुक सेक्शन, त्याचा वायव्येकडचा पाव हिस्सा. १८७० नंतर मोजणीदारांनी अख्खी प्रेअरी, म्हणजे इथला सपाट गवताळ प्रदेश, ६ बाय ६ मैलांच्या चौकोनांत कापली. असा एक चौकोन म्हणजे टाउनशिप, त्यातला एक चौरस मैल म्हणजे सेक्शन. पाव सेक्शन म्हणजे १६० एकर, वसायला येणाऱ्याला १० डॉलर फीमध्ये. त्याआधी तिथे कोण राहत होतं, हे त्या नकाशात कुठेच नाही. पण रस्ते इतके सरळ, की फोनची रेंज गेली तरी मैल मोजत पोचता येतं.

गाव रेल्वेमुळे वसलेलं. शेतकऱ्याने घोडागाडीतून गहू आणून घालावा आणि दिवस मावळायच्या आत घरी परतावं, म्हणून आठ-दहा मैलांवर एकेक स्टेशन आणि एलेव्हेटर, म्हणजे धान्य साठवायचं उंच लाकडी कोठार. आता रूळ उखडलेत, एलेव्हेटर पाडलंय, शाळेला कुलूप. एक हॉल आणि चौदा घरं उरलीत.

आमच्या कामात रिकामी घरंही नोंदवावी लागतात. विजेचा मीटर फिरतोय का, दारापुढे गाडीची चाकोरी आहे का, अंगणात गवत माजलंय का, बघत फिरायचं. त्या वर्षी दुष्काळ होता, गवतसुद्धा वाढलेलं नव्हतं, त्यामुळे ती खूण बाद. आठ घरं रिकामी निघाली. एका जागी तर घरच नव्हतं, फक्त वारा अडवायला लावलेली कॅरागानाची झुडपं चौकोन धरून उभी.

शेवटच्या घरी एक आजी बादलीने बटाट्याच्या वाफ्याला पाणी घालत होत्या. कोविडमुळे मी मास्क लावून फाटकाबाहेरच. वाऱ्यात ओरडून विचारलं, "घरात किती जण राहतात?"

"दोघं."

यजमान हिवाळ्यापासून साठ किलोमीटरवरच्या वृद्धाश्रमात. सहा महिने उलटले की माणूस तिथला धरायचा, असा नियम. तो मी शक्य तितक्या मऊपणे सांगितला.

"तो तिथे राहत नाही," त्या म्हणाल्या, "त्याला तिथे ठेवलंय."

पायरीवर त्याचे बूट होते. पुसून ठेवलेले, नाड्या सैल करून.

मी फॉर्मवर १ लिहिला. त्यांनी बादली खाली ठेवली आणि घरागणिक नावं घेत बोटांवर मोजायला लागल्या. हाताची बोटं संपली, तेव्हा स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "अकरा. त्याला धरलं तर बारा." ४०च्या खाली वस्ती असली की वय, भाषा, उत्पन्न असला तपशील गावापुरता छापतच नाहीत, हे मी बोललो नाही.

मग मला विचारलं, "तुमचं गाव केवढं?"

आजोळ करमाळ्याकडचं. मी सवयीने सांगून गेलो, "तीनशे उंबऱ्यांचं." मग उंबरा म्हणजे काय ते समजावलं: आमच्याकडे जुनी माणसं गाव डोक्यांनी नाही, उंबऱ्यांनी मोजतात.

त्यांनी ओळीने सगळ्या घरांकडे पाहिलं, रिकाम्यांकडेही.

"मग आम्ही चौदा," त्या म्हणाल्या. "तसं लिहा."

रिकाम्या घरांचा रकाना वेगळा असतो. त्यात आठ मी सकाळीच लिहिले होते.